कुबेराचा मुलगा

आरत्या आटोपल्या म्हणजे हातात फुले घेऊन आपण जे मंत्रपुष्प म्हणतो, त्यात वैश्रवणाचे नाव एकदा सोडून तीनदा येते. गणेशोत्सवाच्या दिवसांत तर ते घरोघरी उच्चारले जाते. निम्म्या मंडळींच्या तोंडी अशुद्ध आणि सर्वांच्याच तोंडी घाईघाईने, कारण प्रसादाचे ताट समोर येऊन थांबलेले असते. हा वैश्रवण म्हणजे कुबेर. विश्रवा ऋषीचा पुत्र, रावणाचा सावत्र भाऊ, यक्षांचा राजा आणि उत्तर दिशेचा पालक. इतके बहुतेक घरांत ठाऊक असते. परंतु ह्या धनपतीला मुलगे होते आणि त्यांतला एक फार मोठ्या प्रवासाला गेला, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

त्या मुलाचे नाव नलकूबर. भागवताच्या दशमस्कंधात तो आपल्याला एकदा भेटतो. तो आणि त्याचा भाऊ मणिग्रीव हे दोघे मद्य पिऊन, वस्त्रांची शुद्ध न ठेवता, गंगेत जलक्रीडा करीत होते. तेवढ्यात नारद तेथून गेले आणि त्यांच्या शापाने दोघे भाऊ गोकुळात अर्जुनवृक्ष होऊन उभे राहिले. पुढे यशोदेने उखळाला बांधलेला कृष्ण त्या दोन झाडांमधून उखळ ओढीत गेला, झाडे मोडून पडली आणि कुबेराची मुले मोकळी झाली. रामायणाच्या उत्तरकांडात हाच नलकूबर निराळ्या प्रसंगी येतो. त्याच्या प्रिय रंभेवर रावणाने बलात्कार केला, तेव्हा त्याने रावणाला शाप दिला, की पुन्हा कोणा स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध हात टाकशील तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. रावण त्याचा चुलता होता हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्याचे पाप तोंडावर सांगणारा मुलगा, एवढीच ह्या नलकूबराची आपल्याकडे ओळख. त्यानंतर तो आपल्या पुराणांतून नाहीसा होतो.

त्याचे पुढे काय झाले ते चिनी लोकांनी सांगितले आहे. तेथे त्याला नेझा म्हणतात. अग्नीची दोन चाके पायांखाली, हातात जळत्या टोकाचा भाला, अंगावर तांबडा रेशमी शेला आणि वय सात वर्षांचे, असा हा योद्धा देव आज चीन, तैवान, मकाव, सिंगापूर, मलेशिया अशा चिनी वस्तीच्या सर्व मुलखांत पुजला जातो. नाव बदलले खरे, पण फारसे नव्हे. बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करणाऱ्यांनी ‘नलकूबर’ अथवा ‘नडकूबर’ हे लांबलचक नाव चिनी अक्षरांत जसेच्या तसे उतरविले. लोकांच्या जिभेने त्यातली पहिली दोन अक्षरे ठेवली आणि बाकीची टाकून दिली. आपणही ‘नारायण’चा ‘नारू’ करतोच.

बाप आधी गेला, मुलगा मागाहून. बौद्धांच्या चार दिक्पाल महाराजांत उत्तरेचा वैश्रवण होता, आणि मध्य आशियातील खोतान राज्याचा तर तो राखणदारच मानला जाई. वाटेत त्याचे रूप पालटले. आपल्याकडचा कुबेर म्हणजे सुटलेल्या पोटाचा, हाती मुंगूस अथवा पैशाची थैली घेतलेला सुखवस्तू गृहस्थ. खोतान आणि तुन्हुआंग येथपर्यंत पोहोचेतो त्याच्या अंगावर चिलखत चढले होते आणि तळहातावर एक लहानसा स्तूप आला होता. आठव्या शतकात थांग राजांच्या दरबारी अमोघवज्र नावाचे तांत्रिक आचार्य होते (७०५ ते ७७४). त्यांच्या नावावर असलेल्या वैश्रवणविषयक ग्रंथांत नेझा बापाच्या सेवेत असलेला उग्र राखणदार म्हणून येतो. पुढे चिनी लोकांनी ह्या परदेशी महाराजाला आपल्याच एका नामांकित सेनापतीशी, ली जिंगशी, एकरूप करून टाकले. हा ली जिंग खरा होऊन गेलेला माणूस. ५७१ साली जन्मला, ६४९ साली वारला, आणि ६३० साली त्याने पूर्वेकडील तुर्कांचा मोड केला. अशा रीतीने कुबेर हा पेन्शनीच्या योग्यतेचा चिनी सरदार बनला, आणि नलकूबर त्या सरदाराचा तिसरा मुलगा.

आता त्या मुलाची गोष्ट. ती मिंग काळातील ‘फंगशन यानयी’ ह्या शंभर अध्यायांच्या कादंबरीत विस्ताराने आली आहे, आणि चिनी मुलांना ती आपल्याकडील कालियामर्दनाइतकी पाठ असते.

ली जिंगची बायको साडेतीन वर्षे गरोदर होती. अखेर तिला मांसाचा एक गोळा झाला. बापाने तलवार काढून तो चिरला, तेव्हा आतून हातात सोन्याचे कडे आणि कमरेला तांबडा शेला असलेले मूल बाहेर आले. म्हणजे जन्माच्या पहिल्याच क्षणी बापाच्या हातात तलवार होती! सात वर्षांचा झाल्यावर उन्हाळ्याच्या एका दिवशी नेझा नदीवर अंघोळीस गेला आणि आपला शेला पाण्यात धुऊ लागला. त्यासरशी पूर्वसमुद्राच्या नागराजाचा पाण्याखालचा वाडा हादरला. (चिनी भाषांतरकारांनी ‘नाग’ ह्या शब्दासाठी आपल्याकडील ड्रॅगनचाच शब्द घेतला, तेव्हा त्या कथांतला ड्रॅगनराजा आपण नागराज म्हणून ओळखण्यास हरकत नाही.) चौकशीला आलेल्या यक्षाला मुलाने कडे फेकून मारले. यक्षांच्या राजाच्या मुलाने यक्षच मारावा, ही गंमत कादंबरीकाराला ठाऊक नव्हती. मग नागराजाचा तिसरा मुलगा आला. त्यालाही नेझाने मारले, आणि त्याच्या पाठीतली शीर ओढून काढली. कशासाठी, तर आपल्या वडिलांना चिलखतावर बांधायला चांगला पट्टा होईल म्हणून!

हा पट्टा मला ह्या साऱ्या कथेचा गाभा वाटतो. मुलाने केलेला गुन्हा भयंकर आहे, पण तो करताना त्याच्या मनात वडिलांना काय आवडेल हाच विचार आहे. वडिलांना मात्र त्या पट्ट्यात आपले मरण दिसते. चार समुद्रांचे चार नागराज स्वर्गातून परवानगी घेऊन आईबापांना पकडावयास येतात. तेव्हा सात वर्षांचा मुलगा पुढे होतो, केल्याचे फळ मी एकटा भोगीन म्हणतो, आणि स्वतःच्या हाताने आपले मांस आणि हाडे काढून आईबापांना परत करतो. नागराज समाधान पावून निघून जातात.

कथा येथे थांबती तर ती पितृभक्तीची एक करुण कथा झाली असती. ती थांबत नाही. मुलाचा जीव वाऱ्यावर भटकत आईच्या स्वप्नात येतो आणि म्हणतो, की माझे एक देऊळ बांध. तीन वर्षे लोकांनी धूप जाळला तर मला पुन्हा देह मिळेल. आई नवऱ्याला सांगते. नवरा तिच्यावरच ओरडतो. अखेर ती त्याच्या नकळत एका डोंगरावर देऊळ बांधविते. लोक नवसाला येऊ लागतात. सहा महिन्यांनी ली जिंग फौजेची कवाईत आटोपून त्या वाटेने परततो, गर्दी पाहतो, आत जातो, आणि चाबकाने मूर्तीचे तुकडे करून देवळाला आग लावतो. घरी येऊन बायकोला काय म्हणतो? अशा अनधिकृत देवळाची वार्ता दरबारी गेली, तर माझा कमरपट्टा जाईल! जेड रत्नाचा कमरपट्टा ही अधिकाराची खूण होती. अर्थात आपल्या भाषेत, माझी नोकरी जाईल. ह्या वाक्यामुळे ली जिंग मला हिरण्यकशिपूपेक्षा अधिक खरा वाटतो. हिरण्यकशिपूचे भांडण देवाशी होते. ह्याला वरिष्ठांची भीती आहे.

मग थाई-यी नावाचा गुरू कमळाची फुले आणि पाने मांडून नेझाला नवा देह करून देतो. भाला देतो, अग्निचक्रे देतो. आणि हा नवा नेझा पहिले काम करतो ते म्हणजे बापाला ठार मारण्यासाठी त्याच्या मागे लागणे. मधला भाऊ आडवा येतो, बाप कधी चुकत नसतो असे सांगतो. नेझाचे उत्तर एका ओळीचे आहे: मांस आणि हाडे मी त्यांना परत दिली आहेत, आता त्यांचे माझ्याकडे काही निघत नाही.

ज्या देशात हे उत्तर लिहिले गेले तो देश कोणता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचा कडकपणा समजत नाही. ‘श्याओजिंग’ हे पितृभक्तीचे सूत्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले जाई. त्याचा आरंभच असा, की तुझे शरीर, तुझे केस आणि तुझी कातडी ही आईबापांची देणगी आहे. तिला इजा होऊ न देणे ही पितृभक्तीची पहिली पायरी. चिंग घराण्याच्या कायद्यात आईबापांवर हात टाकणाऱ्या मुलाला शिरच्छेदाची शिक्षा होती. उलट आज्ञाभंग करणाऱ्या मुलाला मारताना बापाच्या हातून तो मेला, तर बापाला फटक्यांवर सुटता येई. अशा राज्यात बापावर भाला रोखणाऱ्या पोराची देवळे उभी राहिली आणि कोणी ती बंद पाडली नाहीत. सभ्य समाजाला जे बोलता येत नाही ते तो देवाच्या तोंडी घालतो. आणि देव सात वर्षांचा असला म्हणजे ते आणखीच सोपे जाते.

नेझाने त्या सूत्राचा भंग केला असे वरवर वाटते. मला वाटते, त्याने ते शब्दशः पाळले. शरीर तुमचे आहे ना? मग हे घ्या. कर्जदाराने मुद्दलच सावकाराच्या ओट्यावर आणून टाकावे तसे हे झाले. आपल्या धर्मशास्त्राने ही आपत्ती मोठ्या चतुराईने टाळली आहे. जन्मतःच माणसावर तीन ऋणे असतात, असे तैत्तिरीय संहिता सांगते, आणि त्यांतले पितृऋण फिटते ते संतती झाली म्हणजे. म्हणजे घेतले बापाकडून आणि फेडावयाचे मुलाकडे. धनको आणि ऋणको ह्यांची समोरासमोर गाठच पडू द्यावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो आणि खाते कधीच बंद होत नाही. नेझाला खाते बंद करावयाचे होते.

मला ही कथा प्रथम वाचनात आली तेव्हा माझ्या वडिलांची एक वही आठवली. ते कारकून होते आणि हिशेबाला चोख होते. माझ्या पहिलीच्या पाटीपासून त्यांनी माझ्या नावाची एक निराळी वही घातली होती. शाळेची फी, कंपासपेटी, विषमज्वरातल्या औषधाचे पैसे, मॅट्रिकचा अर्ज, पुण्याची खाणावळ, एक छत्री, आणि ती हरवल्यावर दुसरी छत्री. वही कुलुपात नसे. देवघराशेजारच्या फडताळात सर्वांच्या देखत असे. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मी ती एका रात्रीत बसून बेरजून काढली, एका कागदावर आकडा मांडला, आणि दर महिन्याच्या मनिऑर्डरीने तो किती वर्षांत फिटेल ह्याचे गणित केले. तेव्हा माझे वय तेवीस होते. वडिलांना मी हे सांगितले नाही. परंतु मनिऑर्डरी वेळेवर जात. ते त्या वहीत जमेच्या बाजूला टिपून ठेवीत. माझ्या गणिताने रक्कम पुरी झाल्यावरही मनिऑर्डरी जात राहिल्या, कारण थांबवावयाच्या म्हणजे कारण सांगावे लागले असते.

वडील वारल्यावर धाकट्या बहिणीने ती वही माझ्याकडे पाठविली. शेवटच्या पानापर्यंत ती त्याच अक्षरात भरलेली आहे. जमेच्या बाजूला माझ्या मनिऑर्डरी आहेत. आणि खर्चाच्या बाजूला, मी घर सोडून वीस वर्षे झाल्यावरही, माझ्या नावावर खर्च पडतच आहेत. मी दिवाळीला येणार म्हणून आणलेले तूप; माझ्या मुलाच्या बारशाची अंगठी; माझ्या आजारपणात बोललेल्या नवसाचा नारळ. परंतु त्या साऱ्या वहीत बेरीज कोठेही नाही. पानाच्या तळाशी एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली कोरी जागा. ज्यांचे सारे आयुष्य बेरजा तपासण्यात गेले, त्यांनी ही एक वही बेरजेवाचून का ठेवली असेल, ह्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. कधी वाटते, त्यांना आकडा पाहावयाचा नव्हता. कधी वाटते, मी तो पाहिला आहे हे त्यांना कळले होते.

चीनमध्ये ह्या प्रश्नाचा विचार कादंबरीकाराच्या कित्येक शतके आधी साधूंनी केला होता. छान पंथाच्या, म्हणजे आपल्या ‘ध्यान’ शब्दावरून नाव पडलेल्या पंथाच्या, सुंग काळातील ग्रंथांत नेझाची कथा फार थोड्या शब्दांत येते: राजपुत्राने मांस आईला परत दिले, हाडे बापाला परत दिली, मग त्याने आपला खरा देह प्रकट केला आणि आईबापांना उपदेश केला. त्यात नागराज नाही, राग नाही, पाठलाग नाही. त्याने असे का केले हेही सांगितलेले नाही. गुरू शिष्याला एवढेच विचारी, की आईचे आईला आणि बापाचे बापाला गेल्यावर राजपुत्राचा म्हणून जो देह उरला, तो कोणता? उत्तर सापडेपर्यंत शिष्याने भिंतीकडे तोंड करून बसावे. लोकांना इतका वेळ नव्हता. त्यांनी कमळ हे उत्तर देऊन टाकले, आणि मला ते वाईट वाटत नाही. चिखलात उगवणारे, पण कोणाच्या पोटी न जन्मणारे असे दुसरे काय आणावयाचे? मात्र कादंबरीच्या शेवटी जे सात वीर सदेह सिद्धिपदाला गेले म्हणून सांगितले आहे, त्यांत नेझाचे नाव आहे. ज्याने देह परत देऊन टाकला तोच सदेह! ग्रंथकाराचा विसर म्हणावा की विनोद, हे वाचकांनी ठरवावे.

आता पुन्हा बापाकडे वळू. पाठलागाच्या अखेरीस रानदंग नावाचा सिद्ध (हा मुळात दीपंकर बुद्ध) मध्ये पडतो. तो एक सोन्याचा मनोरा नेझावर टाकतो आणि आतून आग पेटवितो. बाबा म्हणतोस की नाही? जळून निघाल्यावर पोर गुडघे टेकते आणि ओठांनी ‘बाबा’ म्हणते. सिद्ध तो मनोरा बापाला देऊन टाकतो: पोराने पुन्हा डोके वर काढले तर वापर. ज्या स्तूपाला हातात घेऊन वैश्रवण खोतानमधून पूर्वेकडे आला तो हाच. आरंभी तो बुद्धाच्या अस्थींवरचा पवित्र स्तूप होता, देवाच्या रक्षकाचे बोधचिन्ह होते. चित्रांतून आणि मूर्तींतून लोकांनी तो शतकानुशतके पाहिला आणि त्यांना प्रश्न पडला असावा, की हा मनुष्य हातातले हे ओझे कधी खाली का ठेवीत नाही? त्यांनी उत्तर शोधले: कारण त्याला मुलगा आहे.

ह्या उत्तरावर सर्वांत मार्मिक प्रसंग रचला आहे तो ‘पश्चिमेची यात्रा’ ह्या प्रसिद्ध ग्रंथात. त्याची जुनी छापील प्रत १५९२ सालची आहे. त्याच्या त्र्याऐंशीव्या अध्यायात ली जिंग आपल्या घरी निवांत बसलेला असता वानरवीर सुन वूकुंग तक्रार घेऊन येतो. बोलाचाली होते, ली जिंग तलवार उगारतो, इतक्यात नेझा पुढे होऊन आपल्या तलवारीवर तो वार झेलतो. बाप पांढराफटक पडतो. वानराच्या भीतीने नव्हे. त्या दिवशी घरीच असल्यामुळे मनोरा हातात घेतलेला नसतो! मुलगा जुना सूड उगवण्यास आला असे समजून तो आधी मागे वळतो, बैठकीवरचा मनोरा उचलून तळहातावर धरतो, आणि मग विचारतो, की काय रे, काय म्हणतोस? मुलाला फक्त एवढेच सांगावयाचे असते, की वानर म्हणतो ते खरे आहे, आपण एक मुलगी मानलेली होती, तुम्ही विसरलात. ज्या घरात बापाला मुलाचे म्हणणे ऐकण्याआधी मनोरा शोधावा लागतो, त्या घराचे इतके अचूक चित्र दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

मेईर शाहार नावाच्या इस्रायली पंडिताने २०१५ साली ह्या देवावर एक ग्रंथ लिहिला. त्यात नेझाच्या भारतीय मुळाचा शोध आहे, आणि असा एक तर्कही आहे, की नदीत उतरून नागाचे पारिपत्य करणारा बालक हा निव्वळ नलकूबर नव्हे; त्यात बाळकृष्णाचाही अंश मिसळला आहे. ज्याने नलकूबराला झाडातून सोडविले त्याचेच पराक्रम नलकूबराच्या खात्यावर चढले असावेत, असा त्याचा आशय. हे सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही. परंतु डोहातल्या कालियाची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला तो तर्क परका वाटणार नाही. फरक मात्र विसरता येत नाही. आपला बालक डोहातून वर येतो तेव्हा काठावर नंदयशोदा हंबरडा फोडीत उभी असतात. त्याला बाहेर पाहून ती जवळ घेतात, आणि कथा संपते.

मकावला मी नेझाचे एक देऊळ पाहिले. मकाव आणि गोवा ह्यांचा संबंध जुना. १८४४ पर्यंत त्या चिमुकल्या वसाहतीचा कारभार गोव्याच्या अंमलाखाली चालत असे. तेथील सेंट पॉलच्या देवळाची १८३५ च्या आगीतून वाचलेली दर्शनी भिंत जगप्रसिद्ध आहे. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजाची जी एकटी कमान उभी आहे, तिची ती थोरली बहीण शोभेल. त्या भव्य भिंतीच्या अगदी पाठीशी, जुन्या तटबंदीच्या तुकड्याला लागून, एका दालनाचे लहानसे देऊळ आहे. ते १८८८ साली बांधले. साथ थांबावी म्हणून लोकांनी ह्या पोराला तेथे आणून बसविले, असे सांगतात. तटाची ती भिंत माती, वाळू, भाताचा पेंढा आणि शिंपल्यांचा चुरा ह्यांची आहे. तिच्या गिलाव्याला तेथे ‘चुनांबो’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकून चुन्याची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. भिंतीच्या पुढच्या बाजूस पर्यटकांची झुंबड होती. मागच्या बाजूस एक बाई उदबत्त्या लावून उभी होती आणि तिचा मुलगा उंबरठ्यावर बसून काहीतरी खात होता.

तैवानात तर हा देव अगदी घरचा. ‘तिसरा राजपुत्र’ हे त्याचे तेथले नाव. ज्याच्या अंगात तो येतो तो पन्नाशीचा माणूस असला तरी बोबडे बोलतो, तोंडात चोखणी धरतो, कमरेवर लहान मुलाचे पोटकापड बांधतो. नैवेद्यात गोळ्या, खेळणी, दुधाच्या बाटल्या असतात. तो चाकांवर फिरतो म्हणून टॅक्सीवाले त्याची मूर्ती गाडीत ठेवतात. २००९ साली गाओशुंग येथील जागतिक क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात मोटारसायकलींवरून आलेले मोठ्या मुखवट्यांचे नेझा नाचले, तेव्हापासून तर तो तरुण पोरांचा लाडका झाला आहे. बापावर भाला रोखणारा तो हाच, असे ह्या नाचात कोणाला वाटणार नाही. कदाचित म्हणूनच तो नाचू शकतो.

चित्रपटांनीही त्याला असेच माणसाळविले. १९७९ साली शांघायच्या स्टुडिओने काढलेल्या ॲनिमेशनच्या चित्रपटात मुलगा आपल्या गावासाठी प्राण देतो, कमळातून परत येतो, आणि सूड उगवितो तो नागराजांवर. बापाचा पाठलाग त्यात नाही. २०१९ च्या चित्रपटात बाप मुलाचे मरण स्वतःवर घेण्यास गुपचूप सिद्ध होतो. २०२५ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाने दोन अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवून जगातल्या साऱ्या ॲनिमेशनपटांना मागे टाकले. चित्र देखणे आहे आणि मी ते मन लावून पाहिले. माझ्या शेजारचे गृहस्थ बापाच्या प्रसंगाला डोळे पुसत होते. परंतु हा कनवाळू बाप मला पटला नाही. त्याच्या हाती मनोरा देण्याचे कारणच उरत नाही, आणि मुलाला मांस परत करावयाचेही कारण उरत नाही. राहतो तो नुसता पराक्रम. जुन्या कथेतल्या बापाला आपण वाईट म्हणू. पण तो आपल्या ओळखीचा होता.

ह्या पोराच्या देहाचे आणखी एक स्थान सांगावयाचे राहिले. कुबलाईखानाने १२६७ पासून आपली राजधानी बांधावयास घेतली. तिला दादू म्हणत, आजच्या पेकिंगचे ते पूर्वरूप. तिच्या तटाला अकरा दरवाजे होते. चार बाजूंच्या तटाला सरळ बारा का नसावेत? लोक म्हणत, की हे शहर नेझाच्या अंगाच्या आकृतीवर आखले आहे: दक्षिणेचे तीन दरवाजे ही त्याची तीन मस्तके, पूर्वेचे तीन आणि पश्चिमेचे तीन हे सहा हात, आणि उत्तरेचे दोन म्हणजे पाय. त्या भूमीखालच्या पाण्यात नाग राहतात आणि त्यांना दाबून ठेवण्यास हाच पोरगा पाहिजे, अशी समजूत. पुढे मिंग राजांनी उत्तरेची बाजू सोडून दिली, दक्षिणेचा तट पाडून आणखी खाली नेला, आणि विसाव्या शतकात उरलेला बहुतेक तट निघाला. त्याच्या रेषेवरून आता भुयारी रेल्वे फिरते. मस्तके गेली, हात गेले. उत्तरेला मात्र, जेथे पाय होते, तेथे कुबलाईच्या वेळचा मातीचा बांध अजून उभा आहे. त्यावर झाडे वाढली आहेत, पायथ्याशी पाण्याचा चर आहे, आणि सरकारने तेथे बाग केली आहे. सकाळच्या वेळी म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथे फिरावयास येतात.